नॉब एकवर ठेव

संपादकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "मिस्तरी, तीस वर्षं तुम्ही लोकांच्या स्वयंपाकघरात वावरलात. कोणाच्या फ्रिजमध्ये काय काय सापडलं ते लिहा. दिवाळीत वाचकांना हसू द्या." मी हो म्हणालो. सापडलेल्या वस्तू कमी नाहीत. एका घरी भेंडीच्या पिशवीत सोन्याची पोत होती. एका मास्तरांनी चाचणी परीक्षेच्या प्रश्नपत्रिका बर्फाच्या ट्रेखाली ठेवल्या होत्या, कारण घरात कुलूप लागणारी तेवढी एकच वस्तू होती. लिहायला तीनदा बसलो. तिन्ही वेळा दुसऱ्या पानावर हात अडला आणि तिसऱ्या पानावर भलतंच उतरलं. ते भलतंच आता पाठवतोय. हसण्यासारखं सुरुवातीला थोडं आहे. ते संपलं की ज्यांना पान उलटायचं त्यांनी खुशाल उलटावं.

माझं दुकान जळगावात. फ्रिज, कूलर, आता एसी. धंदा शिकलो धुळ्याला, रशीद चाचांच्या हाताखाली. आमच्याकडे येणारे बहुतेक फोन एकाच वाक्याचे असतात, "गार होत नाहीये." जास्त गार होतंय, ही खानदेशात तक्रारच नसते. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की बाटलीत बर्फाचा खडा वाजलेला माणूस शेजाऱ्याला बोलावून ऐकवतो. पण खरं सांगतो, गार न होणारा फ्रिज साधा असतो. तो आजारी आहे हे सगळ्यांना दिसतं. जास्त गार करणारा फ्रिज बाहेरून ठणठणीत दिसतो, आणि आतल्या वस्तू एकेक करून कामातून जातात.

बाहेरच्या माणसाला समजेल असं सांगतो. कॉम्प्रेसर हा राबणारा गडी आणि थर्मोस्टॅट त्याचा मुकादम. तुम्ही आत जो गोल नॉब फिरवता, तो या मुकादमाचा. एक म्हणजे कमी गार, आकडा वाढेल तसं जास्त गार. मुकादमापासून एक बारीक तांब्याची नळी निघते आणि तिचं टोक फ्रीजरच्या पत्र्याला टेकवलेलं असतं. पत्रा पुरेसा गार झाला की नळीतला वायू आक्रसतो, आत टिक असं वाजतं आणि गडी थांबतो. पत्रा जरा कोमट झाला की पुन्हा टिक, पुन्हा काम. चांगला फ्रिज दिवसभर असा थांबत-थांबत चालतो.

हे माझ्यापेक्षा चांगलं ओळखलं होतं भुसावळच्या एका निवृत्त गार्डांनी. रेल्वे कॉलनीच्या मागे त्यांचं घर. मी गेलो तर गार्डसाहेब फ्रिजसमोर खुर्ची टाकून, हातात घड्याळ घेऊन बसलेले.

"मिस्तरी, ही गाडी काल दुपारी बारापासून धावतेय. एकही स्टेशन घेतलं नाही."

"रिटायर झाल्यापासून घरात गाडीच शोधत होते," काकू आतून म्हणाल्या. "सापडली एकदाची. मला मात्र दही सुरीने कापून वाढावं लागतंय."

पालकाची काच झाली होती. उघडून पाहिलं तर नळीचं टोक क्लिपमधून निसटून हवेत लोंबत होतं. पत्रा गोठून गेला तरी मुकादमाला वाटत होतं, अजून ऊनच आहे. पाच मिनिटांचं काम. पण गार्डसाहेबांनी मला सोडलं नाही. टिक वाजेपर्यंत बसवून ठेवलं, आणि वाजल्यावर मांडीवर थाप मारून म्हणाले, "घेतलं स्टेशन!"

दीपनगर कॉलनीतलं एक घर मात्र मला पुरून उरलं. सकाळी फोन यायचा, दही गोठलं. संध्याकाळी त्याच घरातून दुसरा फोन, दूध नासलं. मी थर्मोस्टॅट बदलला, दारावरचं रबर बदललं. शेवटी एकदा चहा घेत तासभर बसलो तेव्हा उलगडा झाला. सासूबाईंचे दात गार पाण्याने ठणकत, म्हणून त्या येता-जाता नॉब एकवर आणत. सुनेला पोरांसाठी बर्फ लागे, ती सातवर नेई. दोघींपैकी एकही दुसरीला एका शब्दाने बोलत नव्हती. मी नॉब उपटून काढला आणि सासऱ्यांच्या हातात ठेवला. "आबा, हा तुमच्याकडे राहू द्या." आबांनी तो बंडीच्या खिशात टाकला आणि हळूच म्हणाले, "या घरात माझ्या हातात पहिल्यांदाच काही दिलं कोणी."

हसायचं ते इथे संपलं.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट गिऱ्हाइकाला सहसा सांगत नाहीत. थर्मोस्टॅट मेला आणि नवा जवळ नसला, तर मिस्तरी त्याच्या दोन तारा काढतो आणि वीतभर वायरच्या तुकड्याने एकमेकींना जोडून टाकतो. याला आम्ही 'डायरेक्ट करणं' म्हणतो. मुकादमाला घरी पाठवलं, गडी आता एकटाच. फ्रिज लगेच सुरू होतो, बर्फ धडाधड जमतो, गिऱ्हाईक खूश. फक्त तो थांबत नाही. नॉब जागेवरच असतो, फिरतोही, पण त्याला कोणी विचारत नाही. लोडशेडिंगच्या वर्षांत आम्ही असे किती फ्रिज डायरेक्ट केले याची गणती नाही. सहा-सहा तास वीज जायची, तेव्हा फ्रिज थांबवायचं काम आपोआप व्हायचं. मग वीज टिकायला लागली आणि सवय मात्र आमच्या हातात तशीच राहिली.

रशीद चाचा डायरेक्ट करत नव्हते असं नाही. पण केल्यावर त्या फ्रिजच्या प्लगला लाल चिंधी बांधत. "बेटा, डायरेक्ट किया तो चिंधी बांध. घरवाले को भी दिखे, तेरे को भी याद रहे. चिंधी खोलने जाना ही पडता है." त्यांच्या डब्यात स्क्रू ड्रायव्हरच्या शेजारी चिंध्यांची गुंडाळी असायची. धुळ्यात चाचांचा माणूस ओळखायचा तर चिंधीवरून. जळगावात मी स्वतःचं दुकान टाकलं आणि दोन-तीन वर्षांत ती गुंडाळी डब्यातून गेली. चिंधी पाहून गिऱ्हाईक विचारायचं, काम अर्धंच केलं का? मला ते ऐकायचं नसे.

आता छायाचं सांगतो. छाया माझी धाकटी बहीण. चोपड्याकडच्या एका गावात दिली आहे. केळीचं घर, मोठं खटलं. सासू, तिला सगळं गाव अक्का म्हणे. थोरले दीर-जाऊ, आणि छायाचे यजमान, म्हणजे आमचे दाजी. अक्कांना साखरेचा आजार, रोज दोन वेळा इन्सुलिनची सुई. ती टोचायचं काम छायाचं. लग्न झाल्यावर वर्षभरातच ते तिच्याकडे आलं, कारण तिचा हात हलका आणि अक्कांना दुसऱ्या कोणाची सुई नको असे.

खानदेशात दिवाळीपेक्षा लेकीबाळी वाट पाहतात ती आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची. अंगणातल्या झाडाला झोके बांधलेले असतात, गौराईची गाणी, आंब्याचा रस. लेकीला घ्यायला भाऊ जातो, त्याला मुराळी म्हणतात. बारा वर्षांपूर्वी आखाजीच्या दोन दिवस आधी मी छायाला घ्यायला मोटारसायकलवर गेलो. अवजारांची पिशवी गाडीला असतेच.

ओट्यावर पाय ठेवला तोच जाऊबाई म्हणाल्या, "बरं झालं आलात. फ्रिज सकाळपासून बंद पडलाय. घरात सणाचे पाहुणे, अक्कांचं औषध आत. छाया जाईल कशी?"

छाया बॅग भरून दारात उभी होती. नवी साडी नेसलेली. तिने माझ्याकडे पाहिलं. लहानपणी झोक्यावर तिची पाळी आली की ती असंच बघायची.

फ्रिज जुना, एका दाराचा. थर्मोस्टॅट मेला होता. त्या मापाचा माझ्या पिशवीत नव्हता, चोपड्यात गेलो असतो तर मिळाला असता, पण आत्ता ऊन डोक्यावर, परतीचा रस्ता, आई जळगावला डोळे लावून बसलेली. मी वायरच्या तुकड्याने दोन तारा जोडल्या, वर चिकटपट्टी गुंडाळली. दहा मिनिटं. कॉम्प्रेसर घरघरला.

अक्का खाटेवरून म्हणाल्या, "मन्ही सूनना भाऊ सोनं शे!" मग छायाला, "जाय पोरी, झोका खेळी ये."

चिंधी बांधली नाही. बहिणीच्या घरी कसली चिंधी? हे आपलंच घर, विसरेन कसा? दाजींना म्हणालो, "आखाजी झाली की छायाला सोडायला येईन, तेव्हा नवा टाकतो." तारा डायरेक्ट केल्यात, हे बोललो नाही. काम अर्धं राहिलंय हे मेहुण्याच्या घरी कोण सांगतं?

छाया चार दिवस राहिली. परत जायच्या दिवशी तिच्या गावातल्याच एकाची गाडी चोपड्याकडे निघाली होती, ती तिच्यात बसून गेली. मी दुकानात होतो. सीझन ऐन भरात, फोन थांबत नव्हता. माझी फेरी राहिली.

सण होता तोवर त्या घरात फ्रिजचं दार मिनिटाला उघडत होतं, आत पाहुण्यांसाठी सरबत, रस, बर्फ. पाहुणे गेले, फ्रिज रिकामा झाला, आणि आतला गडी दिवसरात्र एकटाच राबत राहिला. अक्कांचं औषध ठेवायची जागा ठरलेली होती, फ्रीजरच्या अगदी खालचा ट्रे. अक्कांचाच हट्ट होता, औषध थंडातल्या थंड जागी हवं.

चौथ्या दिवशी छायाचा फोन आला.

"भाऊ, फ्रिज लई थंडा करी ऱ्हायना. दूधनी पिशवी दगड व्हई गयी."

मी एका वकिलांच्या घरी फ्रिजमागे वाकलेलो होतो. म्हणालो, "बरंच आहे की. लोक गार होत नाही म्हणून रडतात. नॉब एकवर ठेव."

ज्या नॉबला मी स्वतःच्या हाताने बिनकामाचा करून आलो होतो, तो नॉब. मला ते माहीत नव्हतं असं नाही. बोलताना डोळ्यांसमोर ती चिकटपट्टी आली होती. पण "थांब, मी येतो" म्हणायचं तर अर्धा दिवस जाणार होता, आणि दाजींसमोर आपण काय करून गेलो ते उघडं पडणार होतं. एकवर ठेव म्हटलं की फोन ठेवता येत होता.

दोन दिवसांनी पुन्हा फोन. "एकवर करा तरी दूध दगडच, भाऊ."

"फ्रिजला वेळ लागतो ग. बघ दोन-चार दिवस. रविवारी येतो मी."

रविवारी गेलो नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही.

इन्सुलिन गोठलं की त्याचा गुण जातो. पुन्हा वितळलं तरी येत नाही. दिसायला तसंच असतं. अक्कांचं औषध मुळातच दुधाळ होतं, त्यामुळे बाटली पाहून कोणाला काही कळायचं कारण नव्हतं. पहाटे गोठायचं, दिवसा दार उघडझाप होऊन सुटायचं. छाया रोज दोन वेळा हलक्या हाताने पाणी टोचत होती.

अक्कांना तहान लागायला लागली. मे महिन्यात खानदेशात तहान लागते म्हणून कोणी डॉक्टरकडे जात नाही. थकवा आला, तो उन्हाचा ठरला. पायाला केळीच्या बागेत काहीतरी लागलं होतं, ते चिघळलं. जळगावला खासगी दवाखान्यात आणलं तेव्हा अक्का माणसं ओळखत नव्हत्या. मी दुकान बंद करून धावलो. डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी साधा प्रश्न विचारला, "इन्सुलिन बंद केलं होतं का? नियमित असतं तर साखर इतकी चढायला नको."

सगळे छायाकडे वळले. दाजींनी तिला तिथेच, व्हरांड्यात विचारलं, "सुई देत होतीस ना?"

"रोज दिधी. एक बी दिन चुकना नही."

जाऊबाई म्हणाल्या, "आम्ही चार दिवस दिली तेव्हा तर अक्का चांगल्या होत्या. ही माहेरून आली आणि..." पुढचं त्यांनी बोलायची गरज नव्हती. आखाजीला अक्कांना सुई देण्याचं काम त्यांच्याकडे होतं, आणि भीती त्यांनाही वाटत असणार. त्या बाईमाणसाला मी आज दोष देत नाही. दोष देण्याचा हक्क मला नाही.

अक्का चौथ्या दिवशी गेल्या.

आता जे लिहितो आहे ते माझ्या बायकोलाही गेल्या वर्षीपर्यंत ठाऊक नव्हतं. दहाव्याच्या दिवशी मी पिशवी घेऊन गेलो. नवा थर्मोस्टॅट पिशवीत होता, विकत घेताना मला नेमकं कळत नव्हतं की मी तो का घेतोय. घरात बायका रडत होत्या, पुरुष ओट्यावर. मी स्वयंपाकघरात जाऊन फ्रिज उघडला. ट्रे बाहेर ओढला. औषधाची डबी तिथेच होती. डबीवर बारीक इंग्रजी अक्षरं होती. मी दहावी झालेला माणूस, तेवढं इंग्रजी मला येतं. गोठवू नये, असं लिहिलं होतं. बाटली हातात धरली तर तळाला पापुद्रा होता बर्फाचा.

तेव्हा मला सगळं एकदम कळलं. कळल्यावर मी काय करावं? बाटली घेऊन ओट्यावर जावं, इतकंच काम होतं. आठ पावलं असतील. मी तारेचा तुकडा सोडवून खिशात घातला, नवा थर्मोस्टॅट बसवला, आणि डबीही खिशात घातली. छाया चहा घेऊन आली. डोळे सुजलेले. म्हणाली, "काय व्हयनं व्हतं फ्रिजले?"

"काही नाही. थर्मोस्टॅट जुना झाला होता."

फ्रिजच्या आत टिक वाजलं आणि कॉम्प्रेसर थांबला. ओट्यावर एक म्हातारे कौतुकाने म्हणाले, "दुःखाच्या घरातही बहिणीचं काम करून जातोय. असा भाऊ पाहिजे." परत येताना तापीच्या पुलावर गाडी थांबवली आणि डबी खाली फेकली. तार फेकली नाही. का नाही, ते सांगता येणार नाही. ती बारा वर्षं डब्यात राहिली.

छायाला कोणी घराबाहेर काढलं नाही. मारहाण नाही, शिवीगाळ नाही. पण त्या घरात तिने कोणाला औषध द्यायचं नाही, असं न बोलता ठरलं. पोराला ताप आला तरी गोळी जाऊबाई द्यायच्या. गावात एक वाक्य फिरत राहिलं, झोका खेळायला गेली आणि सासूला घालवून बसली. पुढच्या आखाजीला मी मुराळी म्हणून गेलो तर ती आतूनच म्हणाली, "नही येत, भाऊ." त्याच्या पुढच्याही वर्षी तेच. मग मी जाणं सोडलं. आई दर आखाजीला झाडाला झोका बांधायला लावायची आणि संध्याकाळी सोडायला लावायची. मला विचारायची, "तिच्या घरच्यांचा एवढा काय राग असेल रे?" मी म्हणायचो, मोठं खटलं आहे, जमत नसेल. आई असंच विचारत गेली.

या बारा वर्षांत मी एकही फ्रिज डायरेक्ट केलेला नाही. लोक मला सचोटीचा मिस्तरी म्हणतात. जास्त गार करतोय असा कोणाचा फोन आला तर हातातलं काम टाकून जातो, आणि पहिला प्रश्न विचारतो, आत औषध आहे का? एका घरातल्या मुलीने विचारलं होतं, "काका, तुम्हाला औषधांचं इतकं कसं माहीत?" मी म्हणालो, डबीवर लिहिलेलं असतं. याला कोणी प्रायश्चित्त म्हणेल. मी म्हणत नाही. ज्याची फेड करायची ते माणूस चोपड्याकडे होतं, आणि मी भुसावळच्या लोकांची दुधं वाचवत होतो.

मागच्या थंडीत दाजींचा फोन आला. छायाच्या मुलीचं, पूजाचं, स्थळ पाहणं चालू होतं. मुलगा चांगला, घर चांगलं, बोलणी झाली होती. दाजी म्हणाले, "त्यांनी गावात चौकशी केली. निरोप आलाय, नको म्हणून."

"कारण?"

"कारण काय, तुम्हाला माहीतच आहे. जिच्या आईने सासूला औषध दिलं नाही, तिची लेक घरात कशी आणायची, असं म्हणाले."

मी फोन ठेवला. बायकोला समोर बसवून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला कशाला सांगता? गाडी काढा."

गेलो तेव्हा छाया अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. केस पांढरे झालेत तिचे, माझ्याहून जास्त. मी तारेचा तुकडा तिच्यासमोर सुपात ठेवला आणि सांगितलं. तारा जोडल्या त्या, फोन आले ते, दहाव्याला खिशात घातलं ते, पुलावरून फेकलं ते. मधे थांबलो नाही, थांबलो असतो तर पुढचं राहिलं असतं.

ती शेंगा सोलत राहिली. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा सूप माझ्या अंगावर भिरकावेल. तिने विचारलं ते वेगळंच होतं.

"भाऊ, एक म्हंजे कमी ना?"

"काय?"

"नॉबना एक. एक म्हंजे कमी थंडा, का जास्ती?"

"कमी."

"मंग मी बरोबर फिराया व्हता."

मग हळूहळू कळलं. अक्का गेल्यावर दोन-तीन वर्षांनी चोपड्याच्या औषधाच्या दुकानात तिने कोणालातरी सांगताना ऐकलं होतं, इन्सुलिन गोठू देऊ नका. तिथेच तिला दुधाची पिशवी आठवली. घरातले म्हणत होते तिने सुई दिली नाही. तिला मात्र त्या दिवसापासून वाटत होतं, सुई दिली, पण नॉब उलटा फिरवला. भावाने एक सांगितलं होतं, भाऊ चुकणार नाही, म्हणजे आपणच घाईत पाचवर नेला असणार. आपल्या हाताने अक्का गेल्या. हे ती कोणाजवळ बोलली नाही. गावाचे टोमणे तिने उलटून कधी का परतवले नाहीत, आखाजीला का आली नाही, ते मला त्या अंगणात समजलं. तिला वाटत होतं गाव चुकीच्या कारणाने बोलतंय, पण बोलतंय ते बरोबर.

"याद करी करी थकनू मी," ती म्हणाली. "झोपमा बी नॉब फिरावस. कोठे ठेवला व्हता, एक का पाच."

मी म्हणालो, "छाया, माझं चुकलं." इतकं लहान वाक्य मी आयुष्यात बोललो नसेन.

"माले सांगीसन तू मोकळा व्हशी. मन्हं काय?" ती उठली आणि तिने दाजींना हाक मारली. "बसा इथे. भाऊले काही सांगनं शे." मला ते सगळं पुन्हा, पहिल्यापासून सांगावं लागलं. ती उभी राहून ऐकत होती. एका ठिकाणी मी 'विसरलो' म्हणालो तर तिने दुरुस्त केलं, "विसरना नही तू. उना नही." खरं होतं, विसरलो नव्हतो, आलोच नव्हतो.

दाजींनी शेवटपर्यंत तारेकडे पाहिलं नाही. म्हणाले, "दवाखान्याच्या व्हरांड्यात मी तिला सगळ्यांसमोर विचारलं होतं, सुई दिलीस का. तुम्ही शेजारीच उभे होते ना?"

"तेव्हा मला माहीत नव्हतं."

"दहाव्याला माहीत झालं. त्यानंतरही तुम्ही या घरी जेवून गेलात, आणि बारा वर्षं सांगितलं नाहीत." मग म्हणाले, "आणि मी तरी काय केलं? पोराची गोळी तिच्या हातून काढून घेतली." ते उठून बागेकडे निघून गेले.

मी निघालो तेव्हा छाया दारापर्यंत आली नाही. आतून एवढंच म्हणाली, "घरमा सांगं. गावले कोन सांगी?"

गावाला सांगायचं म्हणजे पारावर जाऊन ओरडायचं का, हे मला समजत नव्हतं. मग संपादकांचा फोन आला. मी त्यांना विचारलं, तुमचा अंक त्या बाजूला जातो का? म्हणाले, तालुक्याच्या वाचनालयात जातो, तिथून गावोगाव फिरतो. म्हणून हे लिहिलं. गाव कोणतं ते मी मुद्दाम छापत नाही, छायाची बदनामी पुन्हा छापून कशाला वाढवू. तिथल्या लोकांना वाचताक्षणी कळेल, आणि त्यांनीच वाचायला हवं.

या आखाजीला तिला आणायला मी गेलो नाही. तिने बोलावलं नव्हतं, आणि न बोलावता जाण्याइतका मी आता तिचा भाऊ राहिलेलो नाही. पूजाचं अजून ठरलेलं नाही.

चोपड्याकडच्या ज्या ज्या घरात माझ्या बहिणीचं नाव घेतलं गेलं, त्या घरांसाठी: तिने एकही सुई चुकवली नव्हती. तार माझी होती. नॉब तिने एकवरच ठेवला होता.